नवव्या परिशिष्टातली सहावी नोंद

संविधानाची प्रत घरात असणारी माणसं पुष्कळ भेटतात. उद्देशिका तोंडपाठ असणारीही भेटतात. नववं परिशिष्ट वाचलेला माणूस मात्र वकिलांच्या खोलीबाहेर मला क्वचितच भेटला, आणि खोलीत तरी असे किती होते म्हणा! वाचण्यासारखं त्यात काही नाही. कायद्यांची नावं, एकाखाली एक, २८४ क्रमांकांपर्यंत. पहिला बिहारचा जमीन सुधारणा कायदा. दुसरा आपला मुंबईचा कूळकायदा. सहावा, मुंबई राज्याचा खोती रद्द करणारा कायदा, १९५०.

हा सहावा कायदा आमचा. आमचा म्हणजे रत्नागिरी आणि शेजारच्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचा, कारण खोती खऱ्या अर्थानं नांदली ती इथंच. आणि आमचा म्हणजे माझ्या घराचाही. माझा आजा खोताचं कूळ होता. मी रत्नागिरीच्या कोर्टात दिवाणी वकिली केली, आणि माझ्या अशिलांपैकी निम्म्याहून जास्त लोक कुठल्या तरी खोताचे नाहीतर कुठल्या तरी कुळाचे वारस असायचे. भाषणस्वातंत्र्यावर लिहायला बसलेला माणूस खोतीपासून का सुरुवात करतोय, असं वाटलं असेल तर थोडा धीर धरा. ज्या घटनादुरुस्तीनं ही सहावी नोंद संविधानात घातली, त्याच दुरुस्तीनं बोलण्यावरची बंधनं वाढवली. पहिली घटनादुरुस्ती, १८ जून १९५१. तिचं तिसरं कलम जिभेबद्दलचं, चौथं आणि पाचवं जमिनीबद्दलचं. एकाच कागदावर, एकाच सहीनं.

खोती म्हणजे काय, ते कोकणाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. गावचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी खोताची, आणि गावाकडून वसुली करायची ती त्याच्या हिशेबानं. भाताच्या जमिनीत कूळ अर्धेलीनं देई, म्हणजे निम्मं पीक. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी काढणारा तिर्धेलीनं, म्हणजे तिसरा हिस्सा. पीक शेतात उभं असतानाच खोताचा माणूस अभावणी करून आकडा ठरवून जाई. पुढं पावसानं झोडपलं तरी आकडा तोच राहण्याची भीती. शिवाय वेठ. खोताची नांगरणी, खोताचं घर शाकारणं, खोताकडच्या लग्नकार्यातली लाकडं. खोत ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमानही होते. वेठीत फरक पडत नसे. इंग्रजांनी १८८० साली खोती सेटलमेंट कायदा केला आणि कुळांचे हक्क बोटखतात नोंदले जाऊ लागले. तेव्हा मुंबईच्या कायदेमंडळात खोतांची वकिली करायला दापोलीजवळच्या मुरुडचे विश्वनाथ नारायण मंडलिक होते. मोठे विद्वान, ‘नेटिव्ह ओपिनियन’ पत्र चालवणारे, आणि घरचे खोत.

इथं एक अडचणीची गोष्ट लिहिल्यावाचून पुढं जाता येत नाही. बाळ गंगाधर टिळक रत्नागिरीत जन्मले, २३ जुलै १८५६ रोजी. टिळक आळीतलं ते घर पाहायला अजून शाळांच्या सहली येतात. त्यांचं घराणं दापोली तालुक्यातल्या चिखलगावच्या खोतांचं. १८९९ मध्ये सरकार खोतीच्या कायद्यात फेरबदल करू पाहत होतं, तेव्हा ‘केसरी’ खोतांच्या बाजूनं उभा राहिला. आणि हेच टिळक त्याच्या दोनच वर्षं आधी लेखांपायी अठरा महिन्यांची शिक्षा घेऊन तुरुंगात गेले होते. १८९७ च्या त्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलेला अर्थ असा होता, की सरकारविषयी लोकांच्या मनात वाईट भावना चेतवणं हाच गुन्हा. दंगा झाला का, बंड झालं का, हे पाहण्याची गरज नाही. ज्युरीत नऊ जण होते. सहा गोऱ्यांनी दोषी म्हटलं, तीन हिंदी माणसांनी निर्दोष. १८९८ मध्ये सरकारनं दंडसंहितेतलं राजद्रोहाचं कलम १२४-अ बदललं ते हा अर्थ आणखी पक्का करायलाच. १९०८ मध्ये त्याच कलमाखाली टिळकांना सहा वर्षं मंडालेला पाठवलं गेलं.

तर लेखणीच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात जाणारे टिळक आणि माझ्या आज्याच्या खोताची बाजू मांडणारे टिळक, हे एकच गृहस्थ. मला दोघांनाही घरात जागा द्यावी लागते. बोलण्याचा हक्क मागणारा प्रत्येक जण कुळाचा कैवारी असतो असं नाही, आणि कुळाचा कैवारी प्रत्येक वेळी बोलण्याच्या हक्काला जपतो असंही नाही. दुसऱ्या वाक्याचा दाखला पुढं येतोच आहे.

डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं. लहानपणाची काही वर्षं दापोलीत गेली. १४ एप्रिल १९२९ रोजी चिपळूणला रत्नागिरी जिल्हा शेतकरी परिषद भरली, तिचे ते अध्यक्ष होते. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार म्हणून निवडून आल्यावर सप्टेंबरात त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधानसभेवर चालून गेले. कुणबी, महार, आगरी, मराठे, सगळे एका मोर्चात. त्याच सुमाराला अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटलांच्या मागं उभ्या राहिलेल्या कुळांनी १९३३ पासून जमिनी न कसण्याचा संप चालवला होता. तो सहा वर्षं टिकला. आंबेडकरांचं विधेयक तेव्हा पार पडलं नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारच्या कायद्यानं.

आमच्या घरात या सगळ्याची आठवण एकाच प्रकारे निघे. आजा म्हणायचा, पूर्वी खोताच्या अंगणात उभं राहून कुणी मोठ्यानं बोलत नसे. मोठ्यानं म्हणजे राजकारण नव्हे. ‘यंदा पीक बुडालं’ एवढंसुद्धा. संविधानाच्या पुस्तकात बोलण्याचा हक्क आणि मालमत्तेचा हक्क १९५० साली एकाच अनुच्छेदात शेजारी-शेजारी होते, एकोणिसाव्यात. गावात ते शेजारी नव्हते. एकाची मालमत्ता दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवून बसली होती. पहिल्या दुरुस्तीवर टीका करणारे पुष्कळ लेख मी वाचले आहेत, दिल्लीचे आणि परदेशी विद्यापीठांतले. त्यांत ही गोष्ट येत नाही, आणि म्हणून ते मला अर्धे वाटतात.

सरकारची सत्ता मोकाट सुटली तर कशी दिसते, हेही रत्नागिरीला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. विनायक दामोदर सावरकरांना जानेवारी १९२४ मध्ये येरवड्यातून सोडलं ते दोन अटींवर: रत्नागिरी जिल्ह्याबाहेर सरकारच्या परवानगीशिवाय जायचं नाही, आणि उघडपणे वा खाजगीत राजकारणात भाग घ्यायचा नाही. मुदत पाच वर्षांची होती. ती वाढत वाढत १९३७ पर्यंत गेली. सावरकरांच्या मतांबद्दल आमच्या गावात आजही दोन तट आहेत आणि मी कुठल्या तटावर आहे हे इथं सांगण्याचं कारण नाही. वकिलाला यात दिसतं ते एवढंच, की तेरा वर्षं एका माणसानं काय बोलायचं हे कुठल्याही न्यायाधीशानं ठरवलं नाही. ते सचिवालयात ठरत होतं. त्याविरुद्ध दाद मागायला मूलभूत हक्क नावाची चीज तेव्हा नव्हती. ज्यावर बोलायला मोकळीक होती त्या विषयांवर, म्हणजे रोटीबंदी, मंदिरप्रवेश, भाषाशुद्धी यांवर, ते भरपूर बोलले; १९३१ चं पतितपावन मंदिर त्याच काळातलं.

संविधान लिहिणाऱ्यांपुढं ही उदाहरणं ताजी होती. मसुद्यात भाषणस्वातंत्र्याच्या अपवादांत ‘राजद्रोह’ हा शब्द होता. १ डिसेंबर १९४८ रोजी कन्हैयालाल मुन्शींनी तो गाळण्याची सूचना मांडली आणि तो गेला. दंडसंहितेतलं कलम १२४-अ मात्र कुणी हलवलं नाही. शब्द संविधानातून गेला, कायद्यात राहिला.

मग आला २६ मे १९५०. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या डाव्या विचारांच्या साप्ताहिकाला मद्रास सरकारनं आपल्या राज्यात बंदी केली होती. संपादक रोमेश थापर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती पतंजली शास्त्रींनी बहुमताचा निकाल लिहिला: सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली इतकी मोठी बंदी घालता येणार नाही, राज्याची सुरक्षितताच धोक्यात येत असेल तर गोष्ट वेगळी. या निकालपत्रात टिळकांच्या खटल्याचा उल्लेख आहे. राजद्रोहाचा जो ताणलेला अर्थ स्ट्रॅचींपासून चालत आला होता, तो संविधानकर्त्यांना नको होता, म्हणूनच त्यांनी तो शब्द काढला, असा शास्त्रींचा रोख. त्याच दिवशी दिल्लीच्या ‘ऑर्गनायझर’वरची पूर्वतपासणीही न्यायालयानं रद्द केली. एक पत्र डावं, दुसरं उजवं. संविधान लागू होऊन चारच महिने झाले होते.

दुसरीकडं जमीनदार कोर्टात जिंकत होते. मार्च १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयानं बिहारचा जमीन सुधारणा कायदा समानतेच्या मुद्द्यावर रद्द ठरवला. बिहारचा गेला तर मुंबईचा किती दिवस टिकणार? आमचा खोतीचा कायदा नुकताच लागू झालेला. तो न्यायालयात पडला असता तर खोताचा कारकून परत अभावणीला आला असता, हे काही अतिशयोक्तीनं बोललेलं नव्हे.

नेहरूंनी दोन्ही दुखण्यांवर एकच औषध काढलं. १२ मे १९५१ रोजी दुरुस्ती विधेयक मांडलं. तेव्हा पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती. संसद म्हणजे संविधान सभाच, हंगामी रूपात बसलेली. श्यामाप्रसाद मुखर्जी, हृदयनाथ कुंझरू, आचार्य कृपलानी, ह. वि. कामत यांनी कडाडून विरोध केला. मुखर्जींचं म्हणणं थोडक्यात असं, की आज तुम्ही चांगल्या हेतूनं ही सत्ता घेताय, उद्या ती दुसऱ्याच्या हातात जाईल. नेहरूंनी त्याच चर्चेत १२४-अ ला अत्यंत आक्षेपार्ह आणि घृणास्पद म्हटलं. म्हटलं, आणि त्या कलमाला संविधानाचं छत्र मिळेल अशी दुरुस्तीही केली. भाषणस्वातंत्र्याच्या अपवादांत सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध आणि गुन्ह्याला चिथावणी हे तीन नवे आधार आले.

आणि या विधेयकाचे कायदामंत्री होते डॉ. आंबेडकर. सभागृहात त्यांनी ‘क्रॉस रोड्स’चा निकाल पटत नसल्याचं स्पष्ट सांगितलं. प्रत्येक हक्काच्या पोटात राज्याचा नियमनाचा अधिकार गृहीत असतो, न्यायालयानं तो वाचून घ्यायला हवा होता, असा त्यांचा युक्तिवाद. आंबेडकरांवर श्रद्धा असलेला मी माणूस; पण वकील म्हणून हा युक्तिवाद मला कधी पटला नाही. जे लिहिलंय तेच न्यायालयानं वाचलं होतं. त्या अवघ्या दुरुस्तीतला एक भाग मात्र मी त्यांच्या खात्यावर आनंदानं जमा करतो: प्रवर समितीत निर्बंधांच्या आधी ‘वाजवी’ ही अट बसली. मूळच्या अनुच्छेद १९(२) मध्ये ती नव्हती. बंदी वाजवी आहे की नाही हे तपासायचा अधिकार त्यामुळे न्यायाधीशाला मिळाला, आणि आज भाषणस्वातंत्र्याचा जो काही कज्जा चालतो तो त्याच अटीच्या जोरावर. २ जूनला मतदान झालं: २२८ विरुद्ध २०.

आमची सहावी नोंद अशी आली. तेरा कायदे नवव्या परिशिष्टात बसले, मूलभूत हक्कांचा भंग होतो म्हणून त्यांना हात लावता येणार नाही या हमीसकट. ऑक्टोबर १९५१ मध्ये शंकरीप्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं दुरुस्ती वैध ठरवली. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन आला आणि कुळं कागदोपत्री मालक होऊ लागली. आज्याच्या नावाचा सातबारा तिथून सुरू होतो.

पुढची गोष्ट राजापूर मतदारसंघाची आहे. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा झाला नव्हता. तो झाला १ मे १९८१ ला. त्यामुळे वेंगुर्ल्याचे नाथ पैसुद्धा रत्नागिरी जिल्ह्याचेच. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगवास, मग विलायतेत बॅरिस्टरी, १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत प्रजासमाजवादी पक्षातर्फे लोकसभेवर. १९६२ आणि १९६७ मध्ये पुन्हा. कोकणात त्यांच्या सभेला लोक रात्री उशिरापर्यंत कंदील घेऊन थांबत, असं आमचे वडीलधारे सांगत. बॅरिस्टर नाथ पै म्हणजे आमच्या लहानपणी बुद्धीचं आणि वाणीचं परिमाण होतं.

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्याचा निकाल लागला. अकरा न्यायाधीश, सहा विरुद्ध पाच. सरन्यायाधीश सुब्बाराव यांच्या बहुमतानं सांगितलं की यापुढं संसदेला मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही. जुन्या दुरुस्त्या तेवढ्या चालू ठेवल्या, नाहीतर जमीन सुधारणांचा डोलारा कोसळला असता. चाळीस दिवसांच्या आत, ७ एप्रिलला, राजापूरच्या खासदारानं खाजगी विधेयक मांडलं: मूलभूत हक्कांसह संविधानातली कुठलीही तरतूद बदलण्याचा संसदेचा अधिकार पुन्हा स्पष्ट करणारं. खाजगी विधेयकाला सहसा शुक्रवारची दुपार आणि चार श्रोते मिळतात. या विधेयकासाठी संयुक्त समिती नेमली गेली, कायदामंत्री गोविंद मेनन यांनी पाठिंबा दिला, आणि चर्चा वर्षं-वर्षं चालली.

नाथ पै सत्तेचे भुकेलेले नव्हते. उभं आयुष्य विरोधी बाकावर काढलेला माणूस. त्यांना दिसत होता तो न्यायालयात जाऊन सुधारणा अडवणारा मालमत्तेचा हक्क. लोकांनी निवडलेल्या संसदेपेक्षा एका मताचं न्यायालयीन बहुमत मोठं का, हा त्यांचा सवाल. ज्या जिल्ह्यात खोती कायद्यानं नष्ट करावी लागली त्या जिल्ह्याच्या समाजवादी प्रतिनिधीला तो पडावा यात नवल नाही. विरोधात सगळ्यात ठाम होता मिनू मसानींचा स्वतंत्र पक्ष. उद्योगपतींचा, संस्थानिकांचा पक्ष अशी त्याची आमच्याकडं हेटाळणी व्हायची. त्यांना संपत्तीची काळजी आहे, असं आम्ही म्हणायचो. होतीच. पण ते जे सांगत होते ते श्रीमंतांपुरतं नव्हतं.

१८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात नाथ पै गेले. वय अवघं अठ्ठेचाळीस. त्याच्या काही आठवडे आधी लोकसभा बरखास्त झाली होती आणि विधेयकही तिच्याबरोबर संपलं. पण कल्पना संपली नाही. नव्या लोकसभेत दोनतृतीयांश बहुमत घेऊन आलेल्या इंदिरा गांधींनी नोव्हेंबर १९७१ मध्ये चोविसावी दुरुस्ती करून घेतली. विरोधी बाकावरच्या सज्जनाचं विधेयक सरकारच्या हाती कायदा होऊन गेलं.

राजापुरातून आता मधु दंडवते निवडून आले. अहमदनगरचे, पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात शिकवलेले. म्हणजे आंबेडकरांनी काढलेल्या संस्थेचे शिक्षक. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली तेव्हा संसदीय समितीच्या कामासाठी ते बंगळूरला होते. वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्याबरोबर त्यांना तिथंच पकडलं, मिसाखाली, म्हणजे अंतर्गत सुरक्षेच्या नावानं स्थानबद्ध करणाऱ्या कायद्याखाली. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात, मधुभाऊ बंगळूरच्या तुरुंगात. चौघांनी अटकेविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात अर्ज केले. देशभरच्या नऊ उच्च न्यायालयांनी असे अर्ज ऐकून घेता येतील असं म्हटलं. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं ते दार बंद केलं. विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती ह. रा. खन्नांचं.

याच दिवसांत नवव्या परिशिष्टात काय भरलं जात होतं ते पाहा. ऑगस्ट १९७५ ची एकोणचाळिसावी दुरुस्ती: क्रमांक ९२, मिसा. क्रमांक ८७, लोकप्रतिनिधित्वाचा कायदा. मे १९७६ ची चाळिसावी: क्रमांक १३०, आक्षेपार्ह मजकुराच्या प्रकाशनाला प्रतिबंध करणारा कायदा, म्हणजे वृत्तपत्रांच्या मुसक्या. कोकणात वाडीच्या तोंडाला बांबूचं बेडं, म्हणजे फाटक, असतं. कुळाची गाय आत यावी म्हणून १९५१ मध्ये आम्ही ते काढलं आणि परत बसवलंच नाही. पंचवीस वर्षांत कुणाची जनावरं आत चरून गेली, ते हे क्रमांक सांगतात. रत्नागिरीच्या कुळाला वाचवणारी जी तरतूद, तिच्याच आडोशाला रत्नागिरी जिल्ह्याच्या खासदाराला डांबणारा कायदा उभा होता.

या काळात मुंबई उच्च न्यायालय मात्र ताठ उभं राहिलं. ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकातले अकरा मजकूर सेन्सॉरनं अडवले होते. संपादक मिनू मसानी, तेच. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायमूर्ती मदन आणि कानिया यांनी बंदी उठवली: आणीबाणी असली तरी सरकारवर टीका करणं हा गुन्हा होत नाही, आणि सेन्सॉरलाही कायद्याच्या चौकटीतच राहावं लागतं. आपल्या पालगडच्या साने गुरुजींनी १९४८ मध्ये काढलेली ‘साधना’ही यदुनाथ थत्त्यांच्या संपादकत्वाखाली जप्त्या सोसत न्यायालयात लढली. आणीबाणीत प्रभात फेऱ्या, पत्रकं, सत्याग्रह हे सगळं आमच्याकडंही झालं. त्याच्या आठवणी इतरांनी लिहिल्या आहेत.

१९७७ मध्ये राजापूरनं दंडवत्यांना पुन्हा पाठवलं आणि ते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी त्यांनी घातली, हे लोकांना आठवतं. ते ज्या मंत्रिमंडळात होते त्यानं १९७८ ची चव्वेचाळिसावी दुरुस्ती आणली, हे कमी जणांना. तिनं तीन गोष्टी केल्या ज्या या हकिकतीशी थेट बांधलेल्या आहेत. जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काची दाद आणीबाणीतही थांबवता येणार नाही, असं ठरलं. परिशिष्टातून ८७, ९२ आणि १३० हे तीन क्रमांक काढले. आणि मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून पार बाहेर नेला. म्हणजे ज्या हक्काच्या भीतीनं १९५१ मध्ये हा सारा खटाटोप सुरू झाला, तो हक्कच यादीत उरला नाही. त्याच धांदलीत बोलण्यावर घातलेले निर्बंध मात्र आजही १९(२) मध्ये जिथल्या तिथं आहेत, १९६३ मध्ये सार्वभौमत्व आणि अखंडता यांची भर पडून. कलम १२४-अ चं पुढं काय झालं ते वाचकाला माहीत आहे: १९६२ च्या केदारनाथ निकालानं ते हिंसेच्या चिथावणीपुरतं आवळलं, मे २०२२ मध्ये न्यायालयानं स्थगित ठेवलं, आणि जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम १५२ त्याच्या जागी आलं.

नाथ पैंच्या प्रश्नाला न्यायालयानं उत्तर दिलं ते २४ एप्रिल १९७३ रोजी, केशवानंद भारती खटल्यात, सात विरुद्ध सहा: संसद कुठलंही कलम बदलू शकते, पण संविधानाची मूळ चौकट मोडू शकत नाही. चौकटीचा हा विचार पहिल्यांदा बोलून दाखवणाऱ्यांत १९६४ च्या सज्जनसिंग खटल्यातले न्यायमूर्ती ज. रा. मुधोळकर होते, हा मराठी धागा सहसा कुणी सांगत नाही. २००७ च्या कोएल्हो निकालानं २४ एप्रिल १९७३ नंतर नवव्या परिशिष्टात घातलेल्या कायद्यांनाही ही कसोटी लावली. बेडं परत बसलं. सहावी नोंद त्या तारखेच्या कितीतरी आधीची, त्यामुळे ती सुरक्षित आहे.

आता राहिलं माझं मत. कूळ म्हणून पहिल्या दुरुस्तीला मी नावं ठेवणार नाही. पण तिच्यात जमिनीसाठी दोन तरतुदी होत्या, आणि त्यांची गल्लत करू नये. ३१-अ म्हणत होतं: जमिनीच्या मध्यस्थांचे हक्क काढून घेणारे कायदे मूलभूत हक्कांच्या नावानं पाडता येणार नाहीत. विषय ठरलेला, कुंपण ठरलेलं. ३१-ब आणि नववं परिशिष्ट म्हणत होतं: या यादीत जे नाव घालाल ते सुरक्षित. विषय कुठलाही. खोतीच्या कायद्याला ३१-अ पुरलं असतं. १९५६ ची कूळकायद्याची दुरुस्ती, जिच्यामुळे कृषक दिन उजाडला, तिला जमीनमालकांनी आव्हान दिलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं १९५८ मध्ये ती उचलून धरली ती ३१-अ च्याच आधारावर. आज्याचं शेत वाचवायला ३१-ब ची गरज नव्हती. मिसा आणि वृत्तपत्रांचा कायदा लपवायला होती. नाथ पैंचं विधेयकही या कसोटीवर चूक होतं, आणि मसानींचा पक्ष बरोबर होता. राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत नाहीसा झाला. त्या मतदारसंघाच्या खासदाराच्या विधेयकावरची चर्चा लोकसभेच्या छापील कार्यवाहीत आहे. रत्नागिरीच्या कोर्टात नव्यानं सनद घेऊन येणाऱ्या मुला-मुलींना माझी विनंती आहे, की नाथ पैंचं भाषण वाचा, आणि ते मिटण्याआधी त्यांना दिलेली उत्तरंही वाचा.